मुळशी पाहावी आडहंगामात

जुलै-ऑगस्टमधील कोणत्याही रविवारी चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघालेल्या वाहनांची रांग पाहिली, की मुळशीला जाण्याचा काळ एवढाच, अशी कोणाचीही समजूत व्हावी. पाऊस सुरू झाला की पुण्या-मुंबईचा पर्यटक ताम्हिणी घाट गाठतो. गणपती आले की त्याचे पाय घराकडे वळतात आणि पुढे थेट दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत त्याला पुन्हा मुळशीची आठवण होते. मधले सहा-सात आठवडे कोणाच्याच खिजगणतीत नसतात. पर्यटन व्यवसायात अशा मधल्या काळाला ‘शोल्डर सीझन’ म्हणतात. मराठीत आडहंगाम हा शब्द त्याला चपखल बसतो. युरोपला किंवा दक्षिण अमेरिकेतील पेरूसारख्या देशाला जाणारे पर्यटक गर्दी आणि खर्च टाळण्यासाठी असे आठवडे हेरून ठेवतात. घरापासून पन्नास किलोमीटरवरच्या मुळशीसाठी मात्र तेवढा विचार क्वचितच होतो. वास्तविक सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हाच मुळशीचा सर्वांत भरलेला काळ आहे.

याचे पहिले कारण पाण्यात आहे. मुळशी धरण हे सिंचनाचे धरण नव्हे. ते टाटांच्या वीजनिर्मितीचे धरण आहे. मुळा नदीचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पलीकडे, सुमारे पाचशे मीटर खाली असलेल्या भिरा येथील वीजगृहात सोडले जाते. हे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी अशा रीतीने पश्चिमेला कोकणात उतरते. पावसाळ्यात जलाशय भरत जातो आणि पाऊस थांबला की वीजनिर्मितीसाठी उपसला जाऊ लागतो. एप्रिल-मेमध्ये काठावर तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो तो यामुळेच. जुलैमध्ये तलाव धुक्याआड असतो, मेमध्ये तो आकसलेला असतो. काठोकाठ भरलेला आणि डोळ्यांना दिसणारा, असा तो सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्येच भेटतो.

या पाण्याखाली काय आहे, हेही जाणाऱ्याला ठाऊक असलेले बरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी होते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा अखेर अयशस्वी ठरला आणि मुळा-निळेच्या खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली. मोठ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या जगातील पहिल्या काही संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते. काठावरच्या आलिशान रिसॉर्टच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही!

दुसरे कारण सुरक्षिततेचे. ताम्हिणीचा पाऊस हा शहरी माणसाच्या अंदाजापलीकडचा असतो. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तेथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात पडणाऱ्या पावसाच्या निम्म्याहून अधिक पाऊस एका दिवसात! अशा वेळी डोंगरमाथ्यावर काय चालले आहे हे धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही आणि पाण्याचा लोंढा क्षणात खाली येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच सुमारास ताम्हिणीतील प्लस व्हॅलीत पाण्यात उडी घेतलेला एक जण परत आला नाही. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळ, मुळशीसह अनेक तालुक्यांतील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. भर पावसाळ्यात आखलेली सहल ऐन वेळी अशा आदेशाने किंवा घाटात कोसळलेल्या दरडीने रद्द होऊ शकते, हे गृहीत धरूनच निघावे लागते. आडहंगामात ही टांगती तलवार बरीच दूर होते.

बरीच, पूर्ण नव्हे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस या भागातून सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. जाता जाता तो दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो. सकाळी लख्ख ऊन आणि चार वाजता मुसळधार, हा परतीच्या पावसाचा खाक्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात ओढ्यांना आलेल्या पुराने वीसहून अधिक बळी घेतले, ते याच दिवसांत. म्हणून आडहंगामातील सहलीचा पहिला नियम असा, की चालण्याचे, चढण्याचे आणि पाण्याजवळ जाण्याचे सारे कार्यक्रम दुपारी दोनच्या आत उरकावेत. हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा आदल्या संध्याकाळी पाहावा. ‘घाटमाथा’ असा वेगळा उल्लेख त्यात असेल तर तो मुळशीलाच उद्देशून आहे असे समजावे.

नेमके कधी जावे, याचे उत्तर काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे. येथेच बहुतेकांची गफलत होते. ‘पावसानंतर एकदा जाऊ’ म्हणून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालेल्या कुटुंबाला धबधबे दिसत नाहीत आणि ते हिरमुसून परततात. ताम्हिणीचे बहुतेक धबधबे हे पावसाच्या पाण्याचे तात्पुरते ओघळ असतात. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की एकेक करून ते आटतात. धबधबेच हवे असतील तर सप्टेंबरचा तिसरा आठवडा ओलांडू नये. सोनकीच्या पिवळ्याधमक फुलांनी डोंगरउतार भरलेले पाहायचे असतील, तर सप्टेंबरची अखेर उत्तम. तेरडा त्याच्या थोडा आधी येतो. कारवीचे मात्र वेळापत्रक निराळे. ती सात वर्षे वाढते आणि नंतर एकदाच फुलते, शिवाय प्रत्येक डोंगराचे वर्ष एकच असेल असे नाही. तेव्हा तिच्या भरवशावर सहल ठरवू नये. भेटली तर भाग्य.

ऑक्टोबर हा भाताचा महिना. खाचरे हिरव्याची पिवळी होत जातात, सकाळी दवाने ओथंबतात आणि वाऱ्याबरोबर तांदळाचा वास येतो. मुळशी-मावळचा आंबेमोहोर पूर्वापार नावाजलेला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात १९८७ मध्ये त्याच घराण्यातून तयार झालेल्या इंद्रायणीने आज बहुतेक खाचरे व्यापली आहेत. छायाचित्रांच्या मोहापायी बांध सोडून उभ्या पिकात शिरणाऱ्यांना मात्र शेतकऱ्याचा रोष पत्करावा लागतो, आणि तो रास्तच आहे. कापणीच्या तोंडावर आडवे झालेले भात पुन्हा उभे राहत नाही.

घनगड, कैलासगड किंवा तैलबैलाच्या जुळ्या भिंती यांसाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध योग्य. कातळ सुकलेला असतो, दरीतले धुके विरलेले असते आणि कोकणाचा पट्टा दूरवर दिसतो. त्याची किंमत म्हणजे ऑक्टोबरची उन्हाची तलखी. उघड्या कातळावर अकरानंतर चालणे नकोसे होते. पिंपरीहून भिऱ्याकडे उतरणारी अंधारबनाची वाट बरीचशी दाट जंगलातून जात असल्याने या काळात सुखाची ठरते. पण ती सुमारे तेरा किलोमीटरची आहे. जूनअखेर सव्वासात वाजता मावळणारा सूर्य ऑक्टोबरच्या मध्यावर सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हातात तासभर उजेड कमी असतो. सकाळी आठपूर्वी वाटेला लागावे आणि भिऱ्याला वाहन आधी पाठवून ठेवावे. पावसाळ्यात वन विभाग ही वाट काही काळ बंद ठेवतो, त्यामुळे ती खुली झाली आहे का, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. ताम्हिणीच्या जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. तेथे शेकरू पाहायचे तर मोठ्याने गाणी लावून चालत नाही. पावसानंतर गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि दगडांच्या सापटीत फुरसे असू शकते. घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातात काठी, एवढी खबरदारी पुरेशी आहे.

मुक्कामाच्या बाबतीत पितृपंधरवड्यासारखा सुकाळ नाही. शुभकार्ये आणि खरेदी टळतात, त्याबरोबर सहलींनाही ओहोटी लागते. सोमवार ते गुरुवार या दिवसांत खोली सहज मिळते आणि दरात घासाघीस करायलाही वाव असतो. दसऱ्याला लागून आलेला शनिवार-रविवार मात्र टाळावा; तो आडहंगाम राहत नाही.

या रिकाम्या आठवड्यांचा स्थानिकांशी असलेला संबंध फारसा लक्षात घेतला जात नाही. घाटातल्या टपऱ्यांवर भजी, चहा आणि भाजलेली कणसे विकणाऱ्या कुटुंबांची वर्षाची रोकड पावसाळ्यातल्या आठ-नऊ शनिवार-रविवारांवर उभी असते. प्रशासनाचा आदेश आला की त्यातलेही काही हातचे जातात. गर्दी जर सप्टेंबर-ऑक्टोबरकडे थोडीशी पसरली, तर त्यांनाही हवी आणि पर्यटकालाही हवी. मात्र तयार जेवण मिळेल या भरवशावर जाऊ नये. या दिवसांत बऱ्याच टपऱ्या बंद असतात आणि घरगुती खानावळ चालवणारी बाई कापणीला शेतावर गेलेली असते. आदल्या दिवशी फोन करून माणसे किती हे सांगितले, तर पिठले, तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा भात वेळेवर पानात पडतो. आयत्या वेळी दहा जण दारात उभे राहिले, तर बिस्किटांवर भागवावे लागेल.

स्वतःचे वाहन नसल्यासही अडत नाही. पीएमपीच्या बस पौडपर्यंत जातात आणि ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणाऱ्या एसटी मुळशीवरून पुढे जातात. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी. पेट्रोल पिरंगुट किंवा पौडला भरावे. घाटात मोबाइलची रेंज मध्येच जाते, म्हणून मुक्कामाचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून घेतलेला बरा. आणि धरणाची भिंत हे सहलीचे ठिकाण नव्हे. जलाशय पाहायचा तो रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागांवरून, शक्यतो सकाळी आठच्या आत, पाणी स्थिर असताना.