इसार, तिकीट आणि पहाट : झाडीपट्टीच्या रंगभूमीचा व्यवहार

दीपावलीला निर्वाणकल्याणकाचा दीप उजळतो, वहीपूजन होते आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला व्यापारी घरात नव्या वर्षाचे पहिले पान लिहिले जाते. त्याच आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ऊर्फ वडसा या बाजारपेठेत एका निराळ्या धंद्याचा हंगाम उघडतो. या धंद्याचा माल तागडीत तोलता येत नाही, कोठारात भरून ठेवता येत नाही आणि उजाडले की शिल्लकही राहत नाही. वडसा येथे नाटक विकले जाते. भाऊबीजेपासून होळीपर्यंत, एकेका रात्रीच्या हिशेबाने.

वैनगंगेच्या एका तीरावर चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, दुसऱ्या तीरावर वडसा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या रानाचा, तळ्यांचा व धानशेतीचा हा पट्टा ‘झाडी’ म्हणून ओळखला जातो, आणि तेथील रंगभूमी ती झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. नाटकाची परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी, शंभर वर्षांच्याही मागे जाणारी आहे. त्याही आधीपासून येथे दंडार होती, खडी गंमत होती. गावातीलच पुरुष लुगडे नेसून स्त्रीभूमिका करीत, ढोलकी कडाडे आणि अंगणाचा रंगमंच होई. नाटकाने या जुन्या प्रकारांना पुरते हटवले नाही. त्यांतील गाणे, नकला आणि प्रेक्षकाला थेट साद घालण्याची रीत त्याने उचलली आणि वर पडदा चढवला.

हंगाम याच दिवसांत का येतो, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते, मागोमाग भारी धान निघते, मळणी होते, पोती गिरणीवर जातात आणि वर्षातून एकदाच गावाच्या हाती रोख पैसा खेळू लागतो. याच काळात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस ठरलेला असतो. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचत येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, खेळणी, बांगड्या, मिठाई यांची दुकाने लागतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी निघतात. दिवस असा उलटला की एवढ्या पाहुण्यांनी रात्र काढायची कशी? त्याचे उत्तर म्हणजे नाटक. पाहुणा येतो तो नाटकासाठी आणि नाटक ठेवले जाते ते पाहुण्यासाठी. यातले आधी कोणते, हे सांगणे अवघड आहे.

या रंगभूमीच्या व्यवहाराची घडण पाहण्यासारखी आहे. वडसा येथे नाट्यकंपन्यांची कार्यालये आहेत. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे तेथे येतात, कोणती कंपनी, कोणते नाटक, कोणते कलावंत, किती रक्कम यावर घासाघीस होते, इसार दिला जातो आणि तारीख पक्की होते. ठरलेली रक्कम कंपनीची. तिकीटविक्रीचा गल्ला मंडळाचा. प्रेक्षक लोटला तर गावाला नफा, अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्या गावी त्याच रात्री अधिक गाजलेले नाटक लागले तर गावाला तोटा. नफा उरला तर तो सहसा सार्वजनिक कामी लागतो: देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची एखादी गरज, पुढल्या वर्षीचा उत्सव. म्हणजे जोखीम उचलणारे गाव हेच या कलेचे खरे भांडवलदार. सरकारी अनुदानावर किंवा एखाद्या श्रीमंत आश्रयदात्याच्या मर्जीवर उभ्या असलेल्या कला पुष्कळ आहेत. तिकीट काढणाऱ्या शेतकऱ्याच्या बळावर इतकी वर्षे तग धरलेली रंगभूमी महाराष्ट्रात शोधावी लागेल.

नाटकाच्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात कंपनीची गाडी येते. फळ्या, बल्ल्या, कनाती, दिवे आणि रंगवलेले पडदे उतरतात. महाल, रस्ता, रान, गरिबाची झोपडी अशा पडद्यांची चळत विंगेत लागते. सायंकाळपर्यंत, कालपर्यंत जेथे धानाची धसकटे होती तेथे नाट्यगृह उभे राहते. अनेक ठिकाणी बैठकीची जमीन उतरती खणलेली असते, म्हणजे मागच्यालाही पुढचे डोके आड येत नाही. मोठ्या शहरातल्या नाट्यगृहाचा आराखडा काढणारा वास्तुकार जो प्रश्न कागदावर सोडवतो, तोच येथे फावड्याने सुटतो. रंगमंचापुढे वादक बसतात: ऑर्गन, तबला किंवा ढोलक, अलीकडे ऑक्टोपॅडही. तेथेच किंवा विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टर बसतो आणि तो या रात्रीचा खरा आधारस्तंभ असतो. कलावंत आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, कधी वेगळ्याच नाटकात. दीर्घ तालमींना उसंत कोठून मिळणार? वाक्य मागून येते, नट ते झेलतो आणि आपल्या ढंगाने प्रेक्षकांपुढे फेकतो. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने यात उणिवा काढता येतील. परंतु ऐकत ऐकत बोलणे, बोलता बोलता हसवणे आणि पुढच्या वाक्याकडे कान ठेवणे, हे कौशल्य कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही.

नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटे संपते. थंडीच्या त्या दिवसांत प्रेक्षक घोंगड्या, चादरी, ताडपत्र्या घेऊन येतात. लहान मुले आईच्या कुशीत झोपतात आणि विनोदी प्रवेश आला की जागी केली जातात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घराला ही रात्र तशी लांबच. भज्यांच्या कढईचा वास मध्यरात्रीपर्यंत येत राहतो, आणि नियमाची खरी परीक्षा ती तेथेच!

कथानके बहुधा कुटुंबाची असतात. कुंकू, सासर, भावाभावांतील वाटणी, सावकार, व्यसन, हुंडा. शहरी समीक्षक त्यांना भडक म्हणतो. पण जो प्रेक्षक सहा-सात तास थंडीत बसणार, त्याला सूचक मौन पुरत नाही. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत दुःख पोहोचवायचे तर ते मोठ्या आवाजातच पोहोचवावे लागते. शिवाय या नाटकांनी विषयांकडे पाठ फिरवली आहे असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगावचे नाटककार व दिग्दर्शक सदानंद बोरकर यांचे ‘माझं कुंकू मीच पुसलं’ हे नाटक या पट्ट्यात विशेष गाजले, आणि त्यांच्या ‘आत्महत्या’ या नाटकाने शेतकऱ्याच्या मरणाचा प्रश्न शेतकऱ्यांपुढेच मांडला. शहरात असा विषय मांडणे धाडसाचे मानले जाते. येथे धाडस निराळे आहे: ज्याच्या घरावर ही वेळ येऊ शकते तोच तिकीट काढून समोर बसलेला असतो.

विनोद हा या रंगभूमीचा प्राण आणि त्याचे सर्वांत मोठे नाव परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातील या कलावंताला 2023 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा झाडीपट्टीबाहेरच्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथम ऐकले. सुमारे 800 भूमिका आणि 5000 हून अधिक प्रयोग, अशी त्यांच्या कामाची नोंद त्या वेळी झाली. शेती करणारा माणूस हंगामात रंगमंचावर उभा राहतो आणि हंगाम संपला की पुन्हा बांधावर जातो. झाडीपट्टीतील पुष्कळ कलावंतांचे जीवन याच दोन टोकांत चालते. नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठी बोलतात, तर विनोदी पात्र झाडीबोलीत. या बोलीत ‘ण’ नाही, पाण्याचे ‘पानी’ होते. शिकलेल्या मुलाने शाळेत जी बोली लपवायची, तीच रंगमंचावर ऐकून बाप पोट धरून हसतो. हसण्यापुरतीच ती ठेवली, हा आक्षेपही खरा आहे. झाडीबोलीला केवळ नकलेची भाषा न मानता तिचे शब्द, म्हणी आणि दंडारीची परंपरा यांचा अभ्यास मांडण्याचे काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केले आणि या बोलीची साहित्य संमेलने भरू लागली, ती अशाच अस्वस्थतेतून.

चंद्रपूर शहराने मोठी संमेलनेही पाहिली आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे 1979 मध्ये वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि फेब्रुवारी 2012 मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. डहाके कवी आणि रेखाचित्रकारही. संमेलनाच्या मांडवात परिसंवाद होतात, ठराव होतात, ग्रंथांची खरेदी होते आणि तीन दिवसांनी मांडव उतरतो. झाडीपट्टीतही कलेची चर्चा होते, पण तिला व्यासपीठ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, गिरणीच्या ओट्यावर, किराणा दुकानाच्या फळीवर कालचे नाटक सोलून काढले जाते. कोणाचा आवाज बसला होता, कोणता प्रवेश लांबला, नायिका रडताना खरी रडली की नाही. या चर्चेला बाजारात किंमत असते, कारण पुढल्या वर्षी कोणत्या कंपनीला इसार द्यायचा हे तीवरून ठरते.

आणि याच बाजाराने या रंगभूमीपुढे तिचा सर्वांत कठीण प्रश्न उभा केला आहे. नाटकाच्या मध्येच, कथानकाशी काडीचाही संबंध नसलेली चित्रपटगीतांवरची नृत्ये घालण्याची प्रथा वाढली. मंडळ म्हणते, तरुण पोरे त्याशिवाय तिकीट काढत नाहीत. कंपनी म्हणते, मंडळ मागते म्हणून आम्ही देतो. नाटककार म्हणतो, रंगलेला प्रवेश तोडून नाच आणला तर प्रेक्षकाच्या डोळ्यांतले पाणी सुकते. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. दोष मात्र कोणाच्याच खाती पडत नाही. भेसळीचा माल चार पैसे स्वस्त पडतो आणि भराभर खपतो, हे ज्यांनी दुकानात पाहिले आहे त्यांना त्या मालाने पेढीचे नाव कसे जाते हेही ठाऊक असते. येथे तर ज्या स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहतात त्यांचा मानही पणाला लागतो. घर सोडून चार-पाच महिने गावोगाव फिरणाऱ्या अभिनेत्रीला शिट्ट्यांच्या आवाजात गंभीर प्रवेश उभा करावा लागतो. ती तो उभा करते, हे अधिक आश्चर्याचे.

मंडईच्या दिवसाला जोडून अनेक गावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी आणली, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. जीवदयेचा विचार जपणाऱ्या घरांना या निकालाबद्दल काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. पण मधल्या सात वर्षांत एक गोष्ट उघड झाली. पट थांबले, तरी नाटक थांबले नाही. बैलाच्या पाठीवर काठी न उगारताही गाव जमते, जागते आणि पैसे मोजते.

करोनाच्या साथीने मात्र 2020 च्या दिवाळीनंतरचा हंगाम बुडवला. पडदे गुंडाळलेलेच राहिले. कलावंत मजुरीला गेले. पगार, रजा, निवृत्तिवेतन हे शब्द या व्यवसायात नाहीत. पुढे 2022 मध्ये तृषांत इंगळे दिग्दर्शित ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला, त्यात झाडीपट्टीचेच अनेक कलावंत झळकले, आणि दूरच्या शहरांतल्या पडद्यावर वडसाची ही दुनिया दिसली. हंगामही पुन्हा सुरू झाला.

पहाटे शेवटचा प्रवेश संपतो. नायक-नायिका हात जोडतात, दिवे विझतात, दव पडलेल्या ताडपत्र्या झटकून माणसे गावाकडे चालू लागतात. शेताच्या कडेला कंदिलाएवढ्या बल्बखाली मंडळाचे तिघे-चौघे गल्ला मोजत बसलेले असतात. दहाच्या, पन्नासाच्या, शंभराच्या नोटा वेगळ्या होतात, तिकिटांच्या अर्ध्या फाटलेल्या कडांशी ताळा घातला जातो, कंपनीच्या व्यवस्थापकाला इसार वजा जाता उरलेली रक्कम दिली जाते. तो वहीत टिपून घेतो. मागे बल्ल्या सुटत असतात, महालाचा पडदा झोपडीच्या पडद्यावर गुंडाळला जातो. चेहऱ्यावरचा रंग पुरता न पुसताच नट गाडीत झोपी जातो. रात्री दहा वाजता पुढचे गाव.