मृदंगाची शाई आणि आमचीं महाविद्यालयें

पेण व रोहा या दोन गांवांच्या आसपास जेथें भजन होत नाहीं असें खेडें विरळा. रात्रीं पखवाज ऐकून निजलेलीं मुलें सकाळीं एस. टी. नें वा आगगाडीनें महाविद्यालयास येतात, ध्वनिशास्त्राचे नियम पाठ करितात आणि दुपारच्या गाडीनें परततात. रात्रीं ऐकिलेला नाद व सकाळीं घोकलेला नियम यांचें नातें त्यांस कोणी दाखवीत नाहीं. शेजारच्या बाकावरील मुलगा कोण, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. ही स्थिति आम्हांस शोचनीय वाटते.

साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशीं जुळत नाहींत. म्हणून त्यांतून निश्चित स्वर उमटत नाहीं. मृदंगाच्या पुडीवर शाई चढविली कीं तेच उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटींत येतात. हें मर्म चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह जगापुढें मांडिलें. परंतु तें आधीं साधिलें कोणीं? लोहचूर्ण व खळ घोटून, थरावर थर देऊन, केवळ कानानें पारखणाऱ्या कारागिरांनीं! आणि कातड्यास हात लावणाऱ्यांस आम्हीं काय दिलें? वाद्य देवळांत नेलें, माणसास बाहेर ठेविलें. याच जिल्ह्यांत महाडास १९२७ सालीं तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, हें विसरतां येत नाहीं.

कोणी व्यवहारी पालक म्हणतील कीं, गाणेंबजावणें अभ्यासाच्या आड येतें. ज्यांचें बालपण रोह्यास गेलें त्या चिंतामणराव देशमुखांकडे त्यांनीं पाहावें. केंब्रिजास त्यांनीं निसर्गविज्ञान अभ्यासिलें, रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि मेघदूतही त्यांनींच मराठींत आणिलें. विज्ञानानें त्यांची रसिकता सुकली नाहीं व रसिकतेनें हिशेब चुकला नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी: आठवड्यांतून एक सायंकाळ प्रयोगशाळेचें दार उघडें राहावें. भजनीबुवा, पुडी मढविणारा कारागीर व पदार्थविज्ञानाचे अध्यापक यांनीं एकाच सतरंजीवर बसावें. शाई लावलेली व न लावलेली पुडी शेजारीं ठेवून दोहोंचा नाद मुलांनीं स्वतः तपासावा. पखवाज मुलींच्याही हातीं द्यावा. बैठक शेवटच्या गाडीपूर्वीं आटोपावी. नाहींतर दूरच्या वाडीवरील मुलगा पुनः वगळला जाईल. वाद्यांचा व गाडीभाड्याचा खर्च दोन्ही गांवांच्या व्यापाऱ्यांस जड नाहीं. उत्सवाच्या मंडपास जे सढळ हातानें देतात, त्यांनीं या सतरंजीसही कांहीं द्यावें. एका तालांत बसलेलीं मुलें पुढें एका पंक्तींत बसण्यास कचरणार नाहींत, असा आमचा विश्वास आहे.