पडद्यावरची घरं उलटी टांगली गेली तेव्हा

मी हिंगण्याहून बोलते आहे. मागच्या वेळी आपण पिशवीच्या शिलाईचा दर कसा काढायचा ते पाहिलं. आज बोलूया घरं, कमानी, देवळं, वाडे छापलेल्या कापडाबद्दल. हल्ली पडद्यांना, उशांना, भिंतीलाही असं कापड लोक मागतात. वाकडीतिकडी कौलं, एकावर एक रचलेली घरं, मधूनच खिडकीत बसलेली मांजर, अशी गमतीची नक्षी असते. दिसायला छान आहे, पण फुलांच्या कापडासारखं ते शिवायला गेलं की घात होतो. आमच्या गटाचा झाला, म्हणून सांगते.

पडद्यांची आमची पहिली मोठी ऑर्डर होती. चार खिडक्या, आठ पडदे. प्रत्येक पडदा शिवून 60 इंच व्हायला हवा होता. वरचा नेफा आणि खालची दुमड मिळून 10 इंच धरले, म्हणजे एका पडद्याला 70 इंच. आठ पडद्यांचे 560 इंच, म्हणजे साधारण सव्वाचौदा मीटर. तेवढंच कापड आणलं आणि एकामागून एक 70 इंचांचे तुकडे कापले. शेवटी कापड तोकडं दिसायला लागलं, तेव्हा दोन तुकडे फिरवून बसवले. फुलांच्या कापडात आम्ही नेहमीच असं करत होतो.

टांगल्यावर कळलं. एका पडद्याचं छप्पर शेजारच्या पडद्याच्या दाराला भिडलेलं, आणि दोन पडद्यांवर सगळं गाव डोक्यावर उभं. त्या घरची सून हसत म्हणाली, “ताई, या घरात पाऊस आला तर पाणी दारातून वर जाईल.” ती हसली खरी, पण आम्हाला हसू येईना. कापडाचे पैसे गटातून कर्ज काढून घातले होते आणि पुढच्या बैठकीत हप्ता भरायचा होता. कापड पुन्हा आणावं लागलं. आठही पडद्यांची शिलाई अंगावर आली. चूक आमचीच होती, गिऱ्हाइकाला काय बोलणार?

आता हिशोब समजून घ्या. छापील कापडावर तीच नक्षी ठरावीक अंतरानं पुन्हा येते. दुकानदार त्याला रिपीट म्हणतात. टेप घ्या, एका घराच्या कळसापासून खाली तेच घर पुन्हा येतं त्याच्या कळसापर्यंत मोजा. आमच्या कापडात ते अंतर 25 इंच होतं. 70 इंचात ते दोनदा पुरतं बसतं आणि 20 इंच उरतात. म्हणजे पुढचा प्रत्येक पडदा नक्षीच्या वेगळ्याच जागेवरून सुरू होणार. सगळे पडदे एका रेषेत हवे असतील तर प्रत्येकाला पुरते तीन रिपीट, म्हणजे 75 इंच धरायचे. आठ पडद्यांचे 600 इंच झाले, म्हणजे सव्वापंधरा मीटर. फरक एका मीटरचा. शिवाय पहिलं टोक जुळवायला थोडं वाया जातं आणि सुती कापड धुतल्यावर आटतं. म्हणून मी सोळा मीटर मागवते, आणि कापायच्या आधी सगळं भिजवून वाळवते. हा जास्तीचा मीटर दरात धरायचा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा. उरलेल्या चिंध्यांत आपण तो भागवू असं म्हणू नका, भागत नाही.

दुसरी गोष्ट चुण्यांची. फुलांच्या पडद्याला दुप्पट पन्हा धरून भरपूर चुण्या घातल्या की तो शोभतो. घरांच्या पडद्याला तेवढ्या चुण्या घातल्या तर घरंच दुमडून जातात, कमान अर्धी दिसते. इथे दीडपट पुरे, आणि छोट्या खिडकीला तर सपाट पडदाच बरा. नक्षीचा आकारही पाहा. दहा बाय दहाच्या खोलीत दोन फूट उंचीची इमारत अंगावर येते. बोटभर घरं असतील तर दारातून पाहिलं की नुसते ठिपके दिसतात. दुकानात कापड हातात घेऊन ठरवू नका. कुणाला तरी धरायला लावा आणि आपण दहा पावलं मागे जा.

पिशवी आणि उशीच्या अभ्र्याला आणखी एक फसवणूक आहे. एकच लांब पट्टी घेऊन तळाशी दुमडली की पुढची घरं सरळ आणि मागची उलटी. तळाला कापून, मागचा तुकडा फिरवून, शिवण घालावी लागते. त्याचा दोरा आणि वेळ दरात धरा. टेबलाच्या कापडाचं तर काही करता येत नाही, एका बाजूला बसलेल्याला घरं उलटीच दिसणार. त्याला चारही बाजूंनी बघता येईल अशी नक्षी निवडा.

ही हौस आजची नाही, परदेशातून नवी आलेलीही नाही. कापडावर रंग पक्का करण्यात आपल्याकडचे कारागीर इतके पुढे होते, की आपल्या छापील सुती कापडामुळे तिथल्या विणकरांचा धंदा बसतो म्हणून फ्रान्समध्ये 1686 साली त्यावर बंदी आली. ती 1759 मध्ये उठली. लगेच 1760 मध्ये ओबेरकाम्फ नावाच्या माणसानं पॅरिसजवळच्या जुई गावात छपाईचा कारखाना काढला. पुढे तांब्याच्या पत्र्यावर कोरून तिथे पडकी देवळं, कमानी, खेड्यातली घरं एकाच रंगात छापू लागले. ते कापड भिंतींनाही लावत. आणि आपल्या घरात बघा की! साडीच्या काठावरचे त्रिकोण आपण देवळाची शिखरं म्हणूनच ओळखतो. वारली चित्रातली झोपडी तर आता पडद्या-चादरींवर सगळीकडे दिसते. मुळात ती पालघरकडच्या वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढत आल्या आहेत. म्हणून छापील कापडाला “अस्सल वारली” म्हणून विकू नका. छापील आहे म्हणून सांगा.

आता भिंत. श्रावणात आपण जिवतीचा कागद भिंतीला लावतो, पण तो महिनाभराचा. वॉलपेपर वर्षानुवर्षं राहायला हवा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल चढलेल्या भिंतीवर तो फुगतो, मागे बुरशी धरते. लावण्याआधी वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला बंद करा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे, पैसे घालू नका. आधी पाणी कुठून येतं ते बघा. घरकुलाच्या नव्या प्लास्टरला तर एक उन्हाळा जाऊ द्यावा असं माझं मत. बाजारात साधा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब येतो, म्हणजे साधारण 57 चौरस फूट. पण नक्षी जुळवताना तेवढी भिंत झाकत नाही.

त्यापेक्षा मला कापड बरं वाटतं. लाकडी पट्ट्यांची चौकट करा, त्यावर कापड ताणून मागून बारीक खिळे मारा आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून टांगा. मागून हवा खेळते, आणि पावसाळ्यात काढून ठेवता येतं. खळीनं भिंतीला चिकटवा असंही कुणी सांगेल, पण खळीला झुरळं येतात. आणि एकच भिंत घ्या, चारही नको. चुलीजवळची तर मुळीच नको.

आमच्या गटात आता लाकडी ठसे करून घ्यायचं बोलणं चाललं आहे. कौलारू घर, विहीर, वाड्याची कमान, झिरो माइलचा खांब आणि त्याचे घोडे. रामटेकचं देऊळ आणि दीक्षाभूमीचा घुमटही कुणी सुचवला. त्यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की ते ठसे केले तरी चादर, बैठक, पायपुसणं यांवर मारायचे नाहीत.

धुण्याचं राहिलं. घरांच्या नक्षीत गडद रेघा असतात, त्या फुटल्या की सगळं चित्र मळकट दिसतं. पहिल्यांदा वेगळं, थंड पाण्यात धुवा, उलटं करून सावलीत वाळवा. आणि विकत घ्यायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं एक कोपरा घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तागा दुकानातच राहू द्या.