अडखळणारें एंजिन

मनुष्यास रोज ठराविक वेळीं ताप भरत असेल तर वैद्यास निदान करणें सोपें जातें. परंतु वैद्य दारांत येतांच जो ताप उतरतो आणि त्याची पाठ फिरतांच पुनः चढतो, तो भल्याभल्यांस चकवितो. यंत्रांचेंही तसेंच आहे. जें यंत्र अजीबात बंद पडलें, त्याचा दोष शोधून काढण्यास फारसे सायास पडत नाहींत. पण जें दहा किलोमीटर उत्तम चालतें, मध्येंच क्षणभर अडखळतें, आणि कारखान्यांत नेऊन उभें करतांच शहाण्या मुलासारखें वागूं लागतें, त्याच्यापुढें जुने मिस्त्रीही हात टेकतात. अशाच एका मोटारीच्या दुखण्याची हकीकत, व त्या निमित्तानें एंजिनाच्या कार्याची थोडी माहिती, आमच्या वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या एका स्नेह्यांपाशीं सुमारें साठ वर्षांपूर्वीं इंग्लंडांत तयार झालेली एक उघडी, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार आहे. एका हिवाळ्यांत आम्ही त्यांच्यासह जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें खंडाळ्याचा घाट चढत होतों. पुढें एक मालट्रक रेंगाळत चालला होता. वळण संपून रस्ता मोकळा दिसतांच स्नेह्यांनीं गाडी उजवीकडे घेतली व ॲक्सिलरेटर दाबला. मोटार ट्रकाच्या बरोबरीस आली, आणि नेमक्या त्याच क्षणीं एंजिनानें मान टाकली. समोरच्या वळणावर एस्. टी. ची गाडी दिसूं लागली होती. एक सेकंद गेला, दुसरा गेला; मागील नळींतून फटाक्यासारखा आवाज झाला, आणि शक्ति जशी गेली होती तशीच एकाएकीं परत आली. आम्ही ट्रकाच्या पुढें निघालों खरे, परंतु खंडाळा येईपर्यंत दोघांपैकीं कोणी एक शब्दही बोललें नाहीं. गाडी "जरा मिसिंग करते", "पिकप् घेत नाहीं", असें आपण सहज बोलून जातों. पण ही किरकोळ तक्रार जिवावर बेतूं शकते, हें त्या दिवशीं आम्हांस पुरतें कळून आलें.

दोष कोठें असेल हें समजण्यास प्रथम यंत्राची रचना समजली पाहिजे. या जातीच्या मोटारींचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एम्. जी. बी. ही मोटार होय. इंग्लंडांतील ॲबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे, आणि बंद छपराची जी. टी. हिशेबांत धरली तर पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटरांचें आहे. पुढील विवेचनांत आम्ही जे आंकडे देऊं, ते याच मोटारीचे समजावे.

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनास चार गोष्टी लागतात: हवा, तिच्याशीं योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, त्या मिश्रणावर दट्ट्यानें दिलेला दाब, आणि ठीक वेळीं पडणारी ठिणगी. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां चार सिलिंडर मिळून प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या पडाव्या लागतात. म्हणजे मिनिटास ६०००, किंवा सेकंदास १००. घाटांत ज्या दोन सेकंदांत आमचा जीव टांगणीस लागला, तेवढ्या अवधींत सुमारें दोनशें स्फोट व्हावयाचे राहिले होते, असा याचा अर्थ.

आतां या चार गोष्टींचा एकेक करून विचार करूं. दट्ट्याचीं कडीं झिजलीं किंवा झडप जळली म्हणजे दाब कमी होतो, हें खरें. परंतु झिजलेलें कडें दोन सेकंदांत पुनः नवें होत नाहीं. हवेची वाट मोठी व सरळ असते. ती मध्येंच बंद होऊन लगेच उघडेल हें संभवत नाहीं. तेव्हां जो दोष येतो आणि जातो, त्याचा संशय मुख्यतः दोघांवरच घेतला पाहिजे: पेट्रोलाचा पुरवठा आणि ठिणगी.

पेट्रोल टांकींतून निघून विजेच्या पंपानें पुढें ढकललें जातें, आणि कार्ब्युरेटरच्या तरंड्याच्या पेटींत सांठतें. या मार्गावर अडथळ्याच्या जागा पुष्कळ आहेत. टांकीच्या तळाशीं गंज व गाळ बसतो, गाळणी तुंबते, पंपाचे विजेचे सांधे कळकटतात, टांकींत हवा येण्याचें बारीक छिद्र बुजलें तर आंत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल पुढें सरेनासें होतें. या शेवटच्या दोषाची परीक्षा अगदीं सोपी आहे: गाडी अडखळूं लागतांच ती बाजूस घेऊन टांकीचें झांकण उघडावें, "फुस्" असा आवाज होऊन हवा आंत शिरली, व त्यानंतर गाडी सुरळीत चालली, तर चोर सांपडला असें समजावें. शिवाय २०२३ पासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकण्यास आरंभ झाला आहे. तें जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं. त्या आंतून मऊ होऊन त्यांचे कण सुटतात व गाळणींत जाऊन बसतात. जुन्या मोटारींच्या धन्यांनीं या नळ्या बदलून घेणें हिताचें आहे.

कार्ब्युरेटरचाही एक दोष सांगण्यासारखा आहे. एम्. जी. बी. च्या बहुतेक गाड्यांवर एस्. यू. नांवाचे दोन कार्ब्युरेटर असतात. त्यांत एक लहानसा दट्ट्या एंजिनाच्या ओढीनें वर उचलला जातो, व त्याच्या खालची निमुळती सुई पेट्रोलाचें प्रमाण ठरविते. हा दट्ट्या एकदम उसळूं नये म्हणून त्याच्या माथ्यावरील पोकळींत थोडें तेल घालावें लागतें. तें आटलें तर पाय दाबतांच दट्ट्या उडी मारतो, हवा अधिक व पेट्रोल कमी असें होतें, आणि गाडी क्षणभर थबकते. पण हें थबकणें दर वेळीं होतें. तें लहरीपणानें येत-जात नाहीं.

ठिणगीचा मार्ग याहून नाजूक आहे. बॅटरींतील बारा व्होल्टांचा प्रवाह कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरमध्यें येतो आणि तेथील दोन लहान पॉइंटांमधून एंजिनाच्या अंगांत, म्हणजे अर्थिंगला, जातो. हे पॉइंट पुरे उघडल्यावर त्यांतील अंतर जेमतेम ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतें. ते उघडतांच प्रवाह तुटतो, कॉइलमधील चुंबकत्व एकाएकीं नाहींसें होतें, आणि दुसऱ्या वेटोळ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगावर ठिणगी पडते. गाडी हलक्या भारानें चालत असतां मिश्रण सावकाश जळतें, म्हणून ठिणगी थोडी आधीं पडावी लागते. त्यासाठीं पॉइंट ज्या तबकडीवर बसविलेले असतात, ती तबकडीच एंजिनाच्या ओढीनें किंचित् फिरते. म्हणजे आपण पाय दाबला किंवा उचलला, कीं ही तबकडी मागेंपुढें सरकते. आणि तिच्याबरोबर पॉइंटांस प्रवाह पोंचविणारी, दोन बोटांएवढी एक लवचिक तारही हलते. या तारेची आठवण वाचकांनीं ठेवावी.

आतां आमच्या चुकीची कबुली देतों. घाटांतून परत आल्यावर आम्हीं चार नवे प्लग, नवी गाळणी, नवा कंडेन्सर व नवी कॉइल, असें सर्व एकाच दिवशीं बसविलें. दोन दिवस गाडी उत्तम चालली आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशीं ती पुनः अडखळली. खिसा रिकामा झाला होता. पण त्याहून वाईट गोष्ट ही, कीं आमचें ज्ञान कणभरही वाढलें नव्हतें. चार वस्तु एकदम बदलल्यावर गुण आला तरी तो कशानें आला हें कळत नाहीं, आणि गुण न आल्यास नव्या वस्तूंपैकींच एखादी सदोष आहे कीं काय, ही शंका आणखी पदरांत पडते.

मग आम्हीं हत्यारें खालीं ठेविलीं आणि एक वही घेतली. गाडी अडखळली कीं बाजूस थांबून पांच गोष्टी लिहावयाच्या: एंजिन गार होतें कीं तापलेलें, रस्ता चढाचा होता कीं सपाट, टांकींत पेट्रोल किती, शक्ति हळूहळू गेली कीं एकदम, आणि त्या क्षणीं पाय काय करीत होता. आठ दिवसांत अकरा नोंदी जमल्या. त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचतांना जें गाडींत बसून कधीं दिसलें नव्हतें, तें कागदावर स्पष्ट दिसूं लागलें. ऊष्णतेचा संबंध नव्हता, चढाचा नव्हता, पेट्रोलाच्या सांठ्याचाही नव्हता. पण शक्ति प्रत्येक वेळीं बटण दाबून दिवा मालवावा तशी एकदम गेली होती. आणि अकरांपैकीं नऊ वेळां पाय नुकताच दाबला अथवा उचलला होता.

यावरून दोन अनुमानें निघालीं. पेट्रोल अपुरें पडलें तर तरंड्याच्या पेटींतील सांठा संपेपर्यंत एंजिन चालतें. म्हणून तें दमल्यासारखें हळूहळू मंदावतें, आणि तसेंच हळूहळू सांवरतें. एकदम जाणें व एकदम येणें हा विजेचा स्वभाव आहे. दुसरें, मागील नळींतील तो फटाका! ठिणगी बंद असतांही पेट्रोल येतच असतें. तें न जळतां तापलेल्या नळींत जमतें, आणि ठिणगी परत येतांच तेथें भडकतें. पेट्रोल तुटलें असतें तर असा फटाका होण्याचा संभव कमी होता. याखेरीज एक साक्षीदार गाडींतच होता. या गाडींतील फेरे दाखविणारा काटा कॉइलच्याच प्रवाहावर चालतो, एम्. जी. बी. मध्यें १९६४ च्या अखेरीपासून अशीच योजना होती. पुढच्या खेपेस आम्हीं काट्यावर नजर ठेविली. गाडी अडखळली तेव्हां चाकें एंजिनास फिरवीतच होतीं, तरीही काटा शून्यावर पडला. तेव्हां किल्लीपासून कॉइलमधून पॉइंटांपर्यंत जाणाऱ्या वाटेवरच प्रवाह कोठें तरी तुटत होता, यांत संशय उरला नाहीं.

शेवटची परीक्षा गाडी उभी करून केली. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढलें, पॉइंटांच्या मध्यें जाड कागदाचा तुकडा सरकविला, आणि बारा व्होल्टांच्या एका लहान दिव्याचें एक टोंक पॉइंटाच्या स्प्रिंगेस व दुसरें एंजिनाच्या अंगास लावलें. किल्ली फिरवितांच दिवा लागला. मग तबकडी फिरविणाऱ्या डबीस एक स्वच्छ, कोरडी रबरी नळी लावून तींतून हवा ओढली. तबकडी किंचित् सरकली आणि दिवा विझला. नळी सोडली, दिवा पुनः लागला. असें पांच वेळां झालें. ती दोन बोटांएवढी तार काढून पाहिली तों वरचें वेष्टन अखंड होतें. पण बोटांत धरून वांकवितांच आंतील तांब्याचे धागे तुटलेले असल्याचें जाणवलें. वर्षानुवर्षें मागेंपुढें हलून ती आंतल्या आंत झिजली होती. कारखान्यांत गाडी नुसती उभ्यानें चालवून पाहिली असतां तबकडी जागची हलत नसे, म्हणून तेथें दोष कधींच दिसत नसे. नवी तार घातली. आम्हीं आधीं उगाच घेतलेल्या एका प्लगापेक्षांही तिची किंमत कमी होती.

कोणी म्हणेल, कीं आजच्या मोटारींत पॉइंटही नाहींत आणि कार्ब्युरेटरही नाहीं; मग या जुन्या विद्येचा उपयोग काय? अमेरिकेंत १९९६ सालापासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत दोषाची नोंद ठेवणारी ठराविक पद्धतीची विद्युत्-यंत्रणा सक्तीची झाली, व पुढें ती सर्वत्र पसरली. परंतु असें यंत्र कोणत्या मंडलांत बिघाड दिसला एवढेंच सांगतें. तेथील जोड सैल झाला, तार तुटली कीं भागच बिघडला, हें मनुष्यासच शोधावें लागतें. दोषाचा आंकडा वाचून लगेच भाग बदलणें, आणि आम्हीं बदललेली ती कॉइल, यांत फारसा फरक नाहीं.

येथें विद्यार्थ्यांस एक सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. पेट्रोलाची वाफ एका ठिणगीनें पेटते, आणि बंद खोलींत चालणाऱ्या एंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वायु वास न येतां प्राण घेतो. म्हणून असले प्रयोग उघड्या जागीं, व जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच करावे; आणि गाडी अडखळते असें ठाऊक असतां, दोष सांपडेपर्यंत दुसऱ्या वाहनास ओलांडून जाण्याचा मोह टाळावा.

यानंतर कित्येक वेळां आम्ही त्याच घाटानें गेलों आहों. गाडी आतां अडखळत नाहीं. परंतु ती वही स्नेह्यांनीं गाडींतून अद्याप काढलेली नाहीं. आमच्या बालवाचकांपैकीं कोणाचें गणित मध्येंच अडत असेल, किंवा कोणाची सायकल कांहीं दिवसच कुरकुरत असेल, तर त्यांनींही प्रथम नवी वस्तु मागूं नये. कधीं अडतें, कोठें अडतें, आणि त्या वेळीं आपण काय करीत होतों, हें आधीं कागदावर लिहून पाहावें. एका वेळीं एकच फरक करावा, आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढें जावें.