११,७७,३४५ : हिंगोलीच्या आकड्यात दडलेलं जंक्शन

२०११च्या जनगणनेत आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या भरली ११,७७,३४५. हा आकडा वहीत उतरवून घेतला आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

शेवटी ५ आहे, तेव्हा ५ ने भाग जाणारच. तालुकेही पाचच! समान वाटणी केली तर प्रत्येकी बरोबर २,३५,४६९. पूर्ण फोड केली की ५ × १३ × ५९ × ३०७, चार वेगवेगळ्या मूळ संख्या. अंकांची बेरीज २८.

पण खरी गंमत देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या रीतीत आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. मिळेल ती नवी संख्या, आणि पहिली तिची जनक. २० सारख्या काही संख्यांना जनकच नसतो; कापरेकर त्यांना स्वयंभू म्हणत. औंढ्याच्या नागनाथाच्या जिल्ह्याचा आकडाही स्वयंभू निघावा, असं मनापासून वाटत होतं.

तसं झालं नाही. ११,७७,३२२ मध्ये अंकांची बेरीज २३ मिळवा, ११,७७,३४५ हजर. मग मी मागे मागे जात राहिलो: ११,७७,२८८, ११,७७,२६२, ११,७७,२४०, ११,७७,२२०. इथे वाट फुटते! या शेवटच्या संख्येला दोन जनक आहेत:

११,७७,२०१ + १९
११,७७,१९२ + २८

अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं होतं जंक्शन. रेल्वेचं जंक्शन गाठायला आपल्याला पूर्णेला जावं लागतं. आकड्यांचं मात्र घरातच सापडलं.

तुमच्या गावाची लोकसंख्या घेऊन जनक शोधा आणि खाली लिहा.