चिलटाच्या पाठीवरील केस

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेत, वैनगंगेच्या काठी उपवासाच्या फळांची जी दुकाने लागतात, तेथल्या पिकून काळवंडलेल्या केळ्यांवरची चिलटे हाताने उडवून लावणाऱ्या यात्रेकरूस, त्याच कुळातील एका माशीने शंभराहून अधिक वर्षे जीवशास्त्राची केवढी चाकरी बजावली आहे, याची वार्ता असण्याचे कारण नाही. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला, आणि पुढे तेथेच त्यांनी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या माशीच्या गंध व रुचीच्या जाणिवेचा माग काढला. पुण्यातही तिच्या वाढीचा अभ्यास चालतो.

या वाढीत मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की, पेशीस मिळालेल्या संकेताची तामिली ती पेशी विभाजनचक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून असते. अंड्यातील केंद्रकांची पहिली तेरा विभाजने आरंभी आठ-नऊ मिनिटांच्या अंतराने होतात, आणि विभाजनाची घटका येताच जनुकाची अर्धवट उतरलेली नक्कल टाकून द्यावी लागते. अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाची लांबी सत्तर हजार अक्षरांहून अधिक असल्यामुळे त्याची एक नक्कल पुरी होण्यास सुमारे तास लागतो. तेवढी फुरसत चौदाव्या चक्रापूर्वी मिळतच नाही.

पुढे कोशावस्थेत, पाठीच्या त्वचेत केस कोठे उगवावा याचा निवाडा शेजारी पेशी नॉच नावाच्या संकेताने आपसांत करतात. ज्या पेशींना हा संकेत अधिक मिळतो त्या लवकर विभागतात व विभागल्यावर साध्या त्वचापेशी होऊन राहतात, असे लंडनच्या संशोधकांनी २०१६ साली दाखविले. केसासाठी निवडलेली जनकपेशी मात्र विभाजनाच्या उंबरठ्यावर थबकून राहते आणि मग विभागताना नम्ब हे प्रथिन आपल्या एकाच कन्येच्या पदरी घालते. नम्ब मिळालेली कन्या नॉचला दाद देत नाही व तिच्या वंशात मज्जापेशी जन्मते; दुसरी नॉचचा हुकूम मानते, आणि तिच्यापासून केस व त्याची खोबण घडते. नम्बची ही वाटणी विभाजनाच्या ऐन क्षणी झाली नाही, तर दोन्ही कन्या नॉचच्या अमलाखाली येतात, केस व खोबण यांच्या बाहेरच्या पेशींचीच गर्दी होते, आणि त्या जागचा स्पर्श माशीच्या मेंदूस कळविणारी मज्जापेशी उत्पन्नच होत नाही.