गट आपला, सर्व्हर कुणाचा?

व्हॉट्सॲपवर चिडलेला माणूस लगेच दुसरं ॲप शोधायला निघतो. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या नव्या अटी जाहीर केल्या, तेव्हा झुंबड सिग्नल आणि टेलिग्रामवर पडली. त्याच अटींपायी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अशीच लाट झोहोच्या ‘अरट्टई’कडे वळली. याला मी स्थलांतर म्हणत नाही. एका कंपनीच्या दारातून निघून दुसरीच्या दारात उभं राहणं, एवढंच ते.

सिंदी (रेल्वे) घ्या. वर्धा-नागपूर लोहमार्गावरचं सेलू तालुक्यातलं हे गाव. समजा, इथल्या पासधारकांचा एक गट आहे. सकाळी कुणी विचारतं, पॅसेंजर कुठे अडकली? बोरखेडीचा माणूस उत्तर देतो. या गटाची खरी मालमत्ता दोनच गोष्टींची: कोण कुणाला ओळखतं ते, आणि इतक्या वर्षांत साचलेलं बोलणं. दोन्ही कंपनीच्या ॲपमध्ये अडकलेल्या आहेत. बोलणं ‘एक्स्पोर्ट’ करून फाइल काढता येते, पण ती फाइल म्हणजे काही गट नव्हे. वर प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. नागपूरला नोकरीला जाणाऱ्या एखादीला आपला नंबर शेकडो अनोळखी लोकांच्या हाती द्यावा लागतो, तेव्हा कुठे तिला गाडी लेट असल्याचं कळतं.

विकेंद्रित व्यवस्थेत नेमकं हेच बदलतं. जिओच्या सिमवरून लावलेला फोन एअरटेलच्या सिमवर लागतो, कारण दोघांनी एकमेकांशी बोलायचे नियम मान्य केले आहेत. गप्पांसाठी असे नियम १९९९पासून आहेत. जेरेमी मिलरने तेव्हा सुरू केलेल्या ‘जॅबर’मधून पुढे एक्सएमपीपी घडलं. खुद्द व्हॉट्सॲप याच एक्सएमपीपीत फेरफार करून उभं राहिलं. फक्त बाहेरच्यांसाठी दार लावून घेतलं. गूगल टॉकने ते सुरुवातीला उघडं ठेवलं होतं, २०१३पासून तेही लोटत नेलं. युरोपात मार्च २०२४पासून व्हॉट्सॲपला इतर सेवांसाठी दार उघडणं कायद्याने बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही.

दुसरी नियमावली मॅट्रिक्स, २०१४ची. तिच्यात पत्ता असतो ‘@नाव:सर्व्हर’ असा. नंबर द्यावा लागत नाही. एकाच गटात पुण्याच्या सर्व्हरवरचा माणूस, नागपूरच्या कॉलेजच्या सर्व्हरवरची मुलगी आणि स्वतःच्या घरातल्या सर्व्हरवरून बोलणारा एखादा हौशी, सगळे बसतात. गटाची प्रत सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर राहते.

याचा उपयोग बंद पडल्यावर कळतो. ४ ऑक्टोबर २०२१ला व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास ठप्प होतं. तेव्हा कुणाच्याच हातात काही नव्हतं. सप्टेंबर २०२५मध्ये मॅट्रिक्सचा सगळ्यांत मोठा सर्व्हर, मॅट्रिक्स डॉट ऑर्ग, डिस्क बिघडून कोसळला. ५५ टेराबाइटचा डेटाबेस पूर्ववत करायला जवळपास एक दिवस लागला. ज्यांची खाती त्या सर्व्हरवर होती ते अडकले. इतर सर्व्हरांवरच्या लोकांचं बोलणं चालूच राहिलं. गोम अशी, की बहुतेक नवखे खातं उघडतात ते त्याच मोठ्या सर्व्हरवर. मग विकेंद्रित म्हणायचं कशाला?

अख्खा समुदाय हलवल्याचं नीट नोंदलेलं उदाहरण मोझिलाचं. फायरफॉक्स बनवणारी ही संस्था. तिचा ब्राउझर मराठीत मिळतो तो स्वयंसेवक भाषांतरकारांमुळे. तिथली मंडळी वीसहून अधिक वर्षं आयआरसी या गप्पांच्या जुन्या व्यवस्थेवर बोलत होती. तिथे त्रास देणाऱ्यांना आवरणं कठीण झालं. २०१९मध्ये चार पर्याय लोकांपुढे ठेवून वापरून पाहिले गेले, डिसेंबरात मॅट्रिक्स ठरलं आणि मार्च २०२०मध्ये जुना सर्व्हर बंद केला. मला यातली शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जुनी जागा उघडी ठेवून केलेलं स्थलांतर होतच नाही. दोन महिन्यांनी सगळे परत जुन्याच गटात ‘सुप्रभात’ टाकताना दिसतात.

आता अडचणी. मॅट्रिक्सवर खाजगी बोलणं कुलूपबंद असतं. नवा फोन घेतला आणि पुनर्प्राप्तीची किल्ली जपून ठेवलेली नसली, तर जुने संदेश उघडत नाहीत. ‘डिलीट’ केलेला मजकूर दुसऱ्या सर्व्हरवरून पुसला जाईलच याची हमी नाही. मॅट्रिक्सचा सर्व्हर मोठ्या गटांपुढे दमतो. एक्सएमपीपीचा मात्र एखाद्या जुन्या संगणकावरही निभावतो. शिवाय मे २०२३मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादी वापराचं कारण देऊन १४ ॲप्स रोखली, त्यांत मॅट्रिक्सचं सर्वाधिक परिचित ॲप ‘एलिमेंट’ होतं. नियमावली रोखली गेली नाही, म्हणून फ्लफीचॅटसारखी दुसरी ॲप्स त्याच गटांत नेतात. पण गावातल्या काकांना ‘सरकारने बंद केलेलं ते ॲप’ एवढंच लक्षात राहणार.

कायद्याचंही पाहावं. गटातल्या सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे या कारणाने कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही, समान हेतू दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये म्हटलं. सर्व्हर चालवणाऱ्याचं तसं नाही. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्थ’ होतो आणि तक्रार निवारण अधिकारी नेमण्यासारख्या जबाबदाऱ्या त्याच्याकडे येतात.

वर्धा जिल्ह्यात विकेंद्रीकरणाचं नाव काढलं की ग्रामोद्योगाचे पुरस्कर्ते जे. सी. कुमारप्पा यांची मगनवाडी आठवणारच. पण इथे प्रश्न तत्त्वाचा कमी आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर उठणार कोण, आणि महिन्याचं भाडं कोण भरणार? मॅट्रिक्सच्या प्रतिष्ठानलाही फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर करावं लागलं, की मार्चअखेर एक लाख डॉलर जमले नाहीत तर दुसऱ्या सेवांशी जोडणारे पूल बंद करावे लागतील. भारतात फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाच्या स्वयंसेवकांनी असे सर्व्हर वर्षानुवर्षं देणगीवर चालवले. त्याच वर्तुळातून ‘प्राव’ हे एक्सएमपीपीवरचं ॲप आलं आणि ते सहकारी संस्थेमार्फत चालवायचा संकल्प त्यांनी केला: वापरणारेच सभासद, सभासदच मालक. बहुराज्य सहकारी संस्था काढायची तर संबंधित प्रत्येक राज्यातले किमान ५० जण लागतात. साखर कारखाने, पतसंस्था आणि दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्राला हे गणित परकं नाही, आणि सहकारात खुर्चीसाठी काय काय होतं तेही ठाऊक आहे. तरीही मला हाच मार्ग टिकाऊ वाटतो. एका हौशी तरुणाच्या जिवावर चालणारा सर्व्हर त्याची बदली होईपर्यंतच चालतो.

म्हणून सिंदीच्या त्या पासधारकांना माझं सांगणं असं: सगळ्यांना एकदम हलवू नका. गट चालवणाऱ्या आठ-दहा जणांनी आधी एखाद्या चालू, छोट्या सर्व्हरवर खाती उघडून पावसाळाभर बोलून बघावं. जमलं तर तारीख जाहीर करा आणि त्या दिवशी जुन्या गटात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून नवा पत्ता टाका. व्हॉट्सॲपला मॅट्रिक्सशी जोडणारे पूल मिळतात, पण ते कंपनीच्या मर्जीवर तगतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. स्वतःचा सर्व्हर हवाच असेल तर त्याआधी दोन नावं ठरवा: भाडं भरणारा एक आणि पासवर्ड माहीत असलेला दुसरा माणूस. ही दोन नावं मिळत नसतील, तर गट आहे तिथेच असू द्या.